पावसाळ्यात ईसीयू वाचवायचा तर आधी त्याचा डबा बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग लागला की कोल्हापुरातल्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. चेक लाइट पेटतो, गाडी मध्येच पिकअप सोडते, सकाळी सेल मारून लागत नाही आणि दुपारी ऊन पडलं की काही न करता सुरू होते. स्कॅनर लावावा तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम दिसतात. मग निदान ठरलेलं, ‘ईसीयू गेला’. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, एका डब्यात बसवलेला. नवा ईसीयू बसतो, मालकाचं कंबरडं मोडतं आणि पुष्कळदा पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी तीच तक्रार घेऊन दारात उभी राहते. पाणी ज्या वाटेनं आत गेलं ती वाट कोणी बुजवलेलीच नसते. ती वाट डब्याची असते, आणि डब्याकडे पाहायची पद्धतच आपल्याकडे पडलेली नाही. म्हणून हे पत्र.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि बहुतेक साध्या दुचाकींचाही कार्बोरेटर जाऊन तिथं इंजेक्शन आणि ईसीयू आला. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना त्यांचा वेगळा, ट्रेम-४ हा प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला आणि तिथंही ईसीयू आला. म्हणजे जो डबा पूर्वी फक्त महागड्या गाडीत असायचा, तो आज उसाच्या फडात, शेणाच्या उकिरड्याशेजारी आणि खताच्या पोत्यांच्या गाडीत फिरतो आहे.

इंजिनाशेजारचा डबा बहुधा ॲल्युमिनियमच्या डायकास्टिंगचा, म्हणजे वितळलेला धातू दाबानं साच्यात भरून केलेला असतो. आपल्या कारखानदारांच्या तोंडी असलेलाच एडीसी १२ किंवा त्याच जातीचा मिश्रधातू, भिंत दोन-तीन मिलिमीटर, वर तसंच झाकण किंवा पत्र्याचं झाकण, एका बाजूला काच-तंतू घातलेल्या प्लास्टिकचं सॉकेट. पाणी अडवणं हे त्याचं एकच काम नाही. इंजेक्टर चालवणारे ट्रान्झिस्टर तापतात, त्यांची उष्णता करड्या कणकेसारख्या पेस्टमधून डब्याच्या भिंतीत उतरते आणि पंखांवाटे बाहेर जाते. इग्निशन कॉइलचा विजेचा गोंगाट हाच धातू अडवतो. ज्या गाडीत ईसीयू केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या आत किंवा शेजारच्या सीटपुढे पायाशी असतो, तिथला डबा मात्र बहुधा पाणीबंद नसतोच; तो फक्त धूळ आणि हात लागू नये म्हणून असतो. ओला गालिचा दोन दिवस तसाच राहिला तरी त्याला पुरेसं होतं. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आधी माहीत असायला हवं.

आता ज्या भागाविषयी सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो. पाणीबंद डब्यावर कुठं तरी, सहसा झाकणाच्या कोपऱ्यात किंवा सॉकेटजवळ, बोटाच्या नखाएवढी एक गोल चकती किंवा बटण असतं. गिअरबॉक्सला आणि ॲक्सलला जसा ब्रीदर असतो, तसाच हा ईसीयूचा ब्रीदर. त्यात ताणलेल्या टेफ्लॉनचा पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक की हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. हा पडदा का लागतो ते समजून घ्यायला हवं. चालत्या गाडीत डबा ८० अंशांपर्यंत तापला असं धरू. आतली हवा फुगते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या कडेनं थोडी थोडी बाहेर पडते. तेवढ्यात गाडी वॉशिंगला लागते किंवा रस्त्यावरच्या तळ्यात शिरते आणि डबा झटक्यात २५ अंशांवर येतो. आत उरलेली हवा आकसते, दाब सुमारे १५ टक्क्यांनी पडतो. हा फरक दीड मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढा आहे. आयपी ६७ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) म्हणून ज्या डब्याची जाहिरात होते, त्याची पाण्याची चाचणी एक मीटर खोल, अर्धा तास एवढीच असते. म्हणजे ब्रीदर बुजलेला डबा बालदीभर पाण्यातही स्वतःच पाणी ओढून घेतो, तेही दर खेपेला थोडं थोडं. पाणी एकदा आत गेलं की परत यायला वाट नसते. ते रात्री झाकणाच्या आतून दवासारखं जमतं आणि सर्किटवर टपकतं.

आपल्या भागात यात घाटाची भर पडते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. गगनबावड्याहून करूळ घाट किंवा आंबा घाट उतरून गाडी कोकणात गेली की बाहेरच्या हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो. ब्रीदर मोकळा असेल तर डबा दोन श्वास घेऊन मोकळा होतो. बुजलेला असेल तर ६०-६५ सेंटिमीटर पाण्याखाली धरल्यासारखा तो बाहेरून दाबला जातो, वर घाटातला पाऊस आणि खाली खारी हवा. मासळीच्या आणि चिऱ्याच्या गाड्यांचे डबे कडेनं पांढरे पडतात, त्यात या दाबाचाही वाटा असतो.

ब्रीदर बुजवतं कोण? बहुतेक वेळा चांगल्या हेतूनं काम करणारा माणूसच. ‘इथं भोक आहे, पाणी जाईल’ म्हणून त्यावर सिलिकॉनचा गोळा किंवा एम-सील लावलं जातं. डबा चकचकीत दिसावा म्हणून काळा स्प्रे मारला जातो. गंज धरू नये म्हणून खालून मारायच्या कोटिंगचे शिंतोडे त्यावर बसतात. आणि आपल्याकडची जुनी सवय, गाडी धुतल्यावर डिझेल मारायचं. पाण्याचा थेंब टेफ्लॉनवर उभा राहतो, पण डिझेल पसरतं; एकदा पडदा डिझेलनं भिजला की त्याचा पाणी अडवायचा गुण जातो. शिवाय कपलरमधली, म्हणजे वायरिंग ईसीयूला जोडणाऱ्या प्लगमधली, सिलिकॉन रबराची सील डिझेलनं फुगतात आणि आपल्या खाचेतून बाहेर येतात. पडदा तपासायची रीत सोपी आहे. जिथं तो उघडा दिसतो तिथं ड्रॉपरनं साध्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. मोत्यासारखा उभा राहिला तर पडदा ठीक. पसरून पांढरा भाग ओला, गडद दिसू लागला तर तो बदलायचा. पिन खुपसून ‘साफ’ करायचा नाही, कारण टोचलेला पडदा म्हणजे सरळ भोक.

वॉशिंग सेंटरवाल्यांना दोष द्यायचा हेतू नाही, पण प्रेशर गनचा हिशेब त्यांनी जाणून घ्यावा. वाहनांच्या भागांसाठीची सगळ्यात कडक जेट चाचणी ८० अंश गरम पाण्यानं, ८० ते १०० बार दाबानं, १० ते १५ सेंटिमीटरवरून, प्रत्येक कोनातून ३० सेकंद अशी असते. ती नव्या भागावर, कपलर नीट बसवून घेतात, आणि प्रत्येक ईसीयू तेवढ्या चाचणीचा नसतोच. सेंटरवर गन पाच सेंटिमीटरवर नेऊन कपलरच्या फटीत मिनिटभर धरली जाते, समोर सात-आठ वर्षं वापरलेलं सील असतं. इंजिन बे धुवायचाच असेल तर इंजिन हात लावता येईल इतकं गार होऊ द्यावं, ईसीयू, अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्सवर प्लास्टिक झाकावं, गन निदान दोन फुटांवर ठेवावी, आणि धुऊन झाल्यावर ते प्लास्टिक लगेच काढावं. हे शेवटचं महत्त्वाचं. कित्येक मालक पावसाळाभर ईसीयूला कॅरीबॅग गुंडाळून वर टेप मारून ठेवतात. त्यात उष्णता कोंडते, वाफ कोंडते, आणि डबा चार महिने स्वतःच्या घामात भिजत राहतो.

डबा उघडायची वेळ आली तर काम घाईचं नाही. चावी बंद करून काही मिनिटं थांबावं, कारण चावी काढल्यावरही ईसीयू थोडा वेळ जागा असतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढावं. उघडण्याआधी बाहेरची माती कोरड्या ब्रशनं झाडावी. झाकणाच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. ॲल्युमिनियमच्या ओठावर, म्हणजे झाकण टेकतं त्या कडेवर, नखानं जाणवेल एवढा चरा पडला तरी पुढचं सील तिथूनच फुटतं. जुना सीलंट पातळ पात्यानं कापावा, प्लास्टिकच्या खुरपणीनं खरवडावा आणि दोन्ही ओठ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावेत.

मग सिलिकॉन. इथं होणारी चूक सगळ्यात जास्त ईसीयू मारते, म्हणून थोडं सविस्तर. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमच्या फटींसाठी मिळणारं जे स्वस्त सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. बंद डब्यात ते ॲसिड जाणार कुठं? ते तांब्याच्या पट्ट्या आणि पिना खातं. दोन-तीन महिन्यांनी डबा उघडला तर पाण्याचा थेंब नाही, पण पिनांच्या बुडाशी हिरवं आलेलं. ‘पाणी गेलं’ म्हणून पुन्हा तेच सिलिकॉन भरलं जातं. ईसीयूसाठी न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, शक्यतो नळीवर ‘अल्कॉक्सी’ लिहिलेलं, इलेक्ट्रॉनिक्ससाठी म्हणून दिलेलं सिलिकॉनच घ्यावं. नळीवरचं लिहिलेलं वाचावं आणि बोटावर घेऊन वास घ्यावा. आंबट आला तर ते बाजूला ठेवावं. जुन्या ट्यूबचं रबर कापून गॅस्केट करणारेही आहेत. ते उष्णतेनं चेपतं आणि परत फुगत नाही, एका हंगामात फट पडते.

झाकण बंद करण्याआधी बोर्ड आणि डबा ५० ते ६० अंशांच्या कोरड्या उष्णतेत दोन-तीन तास ठेवावा, नाही तर आषाढातली दमट हवाच आत कोंडली जाते. उष्णता वाहून नेणारी करडी पेस्ट तुटली असेल तर तिथं तशीच जाड पेस्ट किंवा पॅड भरावा. संगणकाच्या प्रोसेसरला लावतात ती पांढरी पातळ पेस्ट अर्ध्या-एक मिलिमीटरची फट भरू शकत नाही. ट्रान्झिस्टर आणि भिंत यांच्यात पोकळी राहते आणि गाडी चढाला लागली की तो ट्रान्झिस्टर जळतो. सीलंटची दोन-तीन मिलिमीटरची अखंड वळी खाचेतून फिरवावी, स्क्रूच्या भोकाला आतल्या बाजूनं वळसा घालावा आणि जिथं सुरुवात केली त्याच्या पुढं एक सेंटिमीटर नेऊन थांबावं. वरची साय धरायच्या आत झाकण बसलं पाहिजे. स्क्रू बहुधा थेट ॲल्युमिनियममध्ये आटे पाडलेले असतात. म्हणून प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात टक् करून पडल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा आवळावा, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, दोन फेऱ्यांत, हातानं. इम्पॅक्ट गन लावली की आटे गेलेच. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं सुकतं, २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर. ‘संध्याकाळी गाडी द्या’ म्हणणाऱ्या मालकाला हे समजावून सांगावं लागतं.

सील लागलं की नाही हे बघायला मोठं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या घड्याळी यंत्राचा फुगा आणि डायल घ्यावा, नळीला रबरी निपल जोडून ते ब्रीदरभोवती घट्ट दाबावं आणि हवा भरून काटा ७५ वर आणावा. त्याच्या वर नेऊ नये, झाकणावर नको तेवढा ताण येतो. ब्रीदर मोकळा असेल आणि काटा मिनिटभर जागेवर राहिला तर डबा बंद आहे. खाली सरकत असेल तर कडेनं साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठं येतो ते पाहावं.

डबा चांगला असूनही पाणी आत सापडतं, तेव्हा ते वायरमधून आलेलं असतं. बारीक तांब्याच्या तारांची वायर म्हणजे दिव्याची वात. सेन्सरजवळ, चार-पाच फुटांवर, उंदरानं कुरतडलेलं किंवा टेस्ट लॅम्पची सुई टोचून पाहिलेलं इन्सुलेशन असेल तर पाणी त्या तारांमधून चढत चढत ईसीयूच्या पिनेपर्यंत येतं. ऑइल प्रेशरचा सेन्सर आतून गळत असेल तर ऑइलही याच वाटेनं येतं. कपलर काढल्यावर एकाच पिनेभोवती ओल दिसली तर डब्याला हात न लावता ती वायर शेवटपर्यंत तपासावी. तपासणीसाठी वायर टोचू नये. टोचलीच असेल तर ती जागा आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक नळीनं बंद करावी, काळी टेप पहिल्या उन्हाळ्यात सुटते. कपलरमधल्या रिकाम्या घरांत डमी प्लग असतात. एखादी वायर हलवताना तो प्लग पडला आणि कोणी लक्ष दिलं नाही तर सरळ उघडी खिडकी राहते. वायरिंग डब्यात शिरण्याआधी तीनेक इंच खाली झोक घेऊन वर आलं पाहिजे, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोकाच्या तळाशी टपकून जातं. सॉकेट खाली किंवा आडवं असावं, वर तोंड करून कधीही नाही. ट्रॅक्टरवर बाहेरून छत्री बसवायचीच असेल तर पत्र्याची, खालून उघडी, डब्यापासून बोटभर अंतर सोडून, आणि ब्रीदर झाकणार नाही अशी.

उसाच्या हंगामाआधी ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग करून घेतात, त्याविषयीही एक सांगायला हवं. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचे कपलर दोन्ही काढावेत आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. नाही तर तो करंट डब्याच्या अर्थिंगमधून वाट काढतो. डब्याच्या पायाला रंग मारला की त्याचं गाडीच्या बॉडीशी असलेलं अर्थिंगही तुटतं आणि विनाकारण सेन्सरचे कोड येऊ लागतात.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या ओतकामवाल्यांशी दोन शब्द. बिडाच्या ओतकामात कोल्हापूरचा हात धरणारे थोडे. ॲल्युमिनियमच्या पाणीबंद डब्याचं दुखणं मात्र वेगळं आहे. डायकास्टिंगची वरची अर्ध्या मिलिमीटरची साल घट्ट असते, हवेचे बारीक खळगे तिच्या आत असतात. सीलचा ओठ सपाट करायला मशीनिंग केलं की ती साल निघते आणि खळगे उघडे पडतात. डोळ्यांना काही दिसत नाही आणि पाणी धातूतूनच झिरपतं. म्हणून ओठाला मशीनिंगसाठी शक्य तितका कमी माल ठेवावा, गेट (धातू साच्यात शिरायची वाट) आणि हवा निघायच्या वाटा ओठापासून दूर काढाव्यात, आणि गळती चाचणी मशीनिंगनंतर घ्यावी, आधी नव्हे. व्हॅक्यूममध्ये रेझिन भरून घेणं हा मान्य उपाय आहे, पण तो बारीक खळग्यांना. तडा त्यानं भरत नाही. एडीसी १२ मध्ये तांबं १.५ ते ३.५ टक्के असतं. ओतायला तो सोपा, पण मीठ आणि खत लागलं की ओठाच्या खालून पांढरी भुकटी धरतो आणि ती सीलला उचलते. किनारपट्टीच्या किंवा शेतीच्या गाडीसाठी डबा करायचा असेल तर कमी तांब्याचा मिश्रधातू किंवा वर चांगलं कोटिंग, यांपैकी एक घ्यावंच.

पुराचं वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले होते. इशारा पातळी ३९, धोका ४३. नदीकाठच्या भागातल्या लोकांनी ३९ लाच गाडी उंचावर न्यावी, आणि नेता येत नसेल तर निदान निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावं. पाण्यात बुडालेला ईसीयू पुष्कळदा वाचतो. पाण्यात बुडालेला आणि बॅटरी जोडलेला ईसीयू काही तासांत संपतो, कारण १२ व्होल्टवर पिनांचं तांबं विरघळून शेजारच्या पिनेकडे जातं. पूर ओसरल्यावर ‘बघू लागते का’ म्हणून चावी फिरवणं सगळ्यात घातक. गाडी ओढून न्यावी, डबा काढावा, आत गाळ असेल तर बोर्ड बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं (ॲसिडनं नव्हे) धुवावा, मग अल्कोहोलनं, मग ६० अंशांत सहा-आठ तास वाळवावा. तांदळाच्या डब्यात ठेवून गाळ जात नाही. गिअर लिव्हरच्या खाली असलेलं एअरबॅगचं युनिट बुडालं असेल तर ते उघडू नये, धुऊ नये, वापरू नये, ते बदलायचंच.

शेवटी एक मागणी. ब्रीदरचे पडदे, कपलरची सील, डमी प्लग, हे काही रुपयांचे भाग सुटे मागितले की बहुतेक दुकानांत ‘पूर्ण वायरिंग घ्या’ किंवा ‘ईसीयूच घ्या’ हे उत्तर मिळतं. शिवाजी उद्यमनगरातल्या आणि लक्ष्मीपुरीतल्या स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्यांनी हे तीन भाग आणि न्यूट्रल सिलिकॉनची छोटी नळी पावसाळ्याआधी दुकानात ठेवावी. आयटीआयमध्ये वाहन दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना स्कॅनर वाचायला शिकवतात तसं एक भंगारातला ईसीयू हातात देऊन उघडायला, सील करायला आणि फुग्यानं तपासायला शिकवावं. एका दिवसाचं काम आहे, भंगारात डबे ढिगानं पडून आहेत.

आपले,
वाहनांच्या वायरिंग दुरुस्तीतील आणि ॲल्युमिनियम ओतकामातील काही कारागीर,
कोल्हापूर